जिंकल्याचं वजन

मोटार शर्यतींच्या मोसमातली शेवटची, अजिंक्यपद ठरवणारी शर्यत तासाभरावर आली होती आणि आमचे मेकॅनिक साळुंखेकाका गाडीत शिशाच्या पट्ट्या बसवत होते. गाडी हलकी व्हावी म्हणून वर्षभर झटलेला हा माणूस. मी विचारलं, "आता वजन कशाला?"

"मागची शर्यत जिंकलो ना. जिंकणाऱ्यानं पुढच्या वेळी वजन घेऊन पळायचं, असा नियमच आहे इथला."

माझ्या आईला सगळं जमायचं, म्हणून नात्यातल्या प्रत्येक लग्नाची कामं तिच्याच गळ्यात पडायची. ती कुरकुरायची, कुणी काम सांगितलं नाही तर जास्तच कुरकुरायची.

काकांनी शेवटचा बोल्ट आवळून पट्टीवर थाप मारली. शेजारच्या गाडीत एकही पट्टी नव्हती. तिचा मेकॅनिक आमच्या पट्ट्यांकडे हेव्यानं पाहत होता.