बद्रीनाथ पठाडे यांचा दुसरा डोस

यादीतलं अकरावं नाव पुकारताना मुख्तारला भागूबाई पहिल्यांदा नीट दिसल्या. "बद्रीनाथ पठाडे!" असं तो म्हणाला, तशी खिडकीजवळची ही बाई झटकन उठून उभी राहिली. शेजारी बसलेल्या पुरुषाकडे तिनं पाहिलंही नाही. ती बसच्या दाराकडे बघत राहिली. कुणी पायरी चढून वर येतंय आणि त्याला जागा करून द्यायचीय, असं तिचं ते उभं राहणं होतं. दारात कुणी नव्हतं. बाहेर हर्सूलचा टी पॉइंट होता, धुकं होतं आणि चहाच्या गाडीवरची वाफ. मग शेजारचा, डोळ्यांपर्यंत मास्क चढवलेला माणूस जरा उशिरानं म्हणाला, "हाय, हाय. हितंच हाय मी."

मुख्तारनं नावापुढे खूण केली. बारावं नाव त्या बाईंचंच होतं, भागूबाई बद्रीनाथ पठाडे. घराबाहेर कधी न पडलेलं माणूस पहिल्या प्रवासात बावरतं, हे त्यानं पंधरा वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं. नाताळच्या सुट्टीत हर्सूल आणि आसपासची तीस-पस्तीस माणसं घेऊन तो दरवर्षी कोकणात समुद्र दाखवायला नेई. ही दोन हजार एकवीसची सहल होती.

या एका सहलीच्या याद्या त्यानं किती वेळा फाडल्या, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मूळ नोंदणी लॉकडाऊनच्या आधीची. ती दोनदा पुढे गेली. मग ज्याची त्याची तपासणी करून आणा म्हणाले, मग एक डोस पुरे म्हणाले, आणि डिसेंबर उजाडता उजाडता समुद्रकाठच्या लॉजवाल्याचा फोन आला, "मुख्तारभाई, दोन्ही डोस, आणि वर चौदा दिवस झालेले. एक जरी माणूस बिनडोसाचं निघालं तर अख्खी गाडी दारातून परत." उन्हाळ्यात लसवाले आले म्हणून रानात जाऊन बसलेली माणसं आता दुसऱ्या डोससाठी वशिला शोधत होती. मुख्तारनं सगळ्यांची सर्टिफिकेटं मोबाइलवर मागवली. पस्तीसच्या पस्तीस आली. आधार कार्ड मात्र त्यानं कुणाकडे मागितलं नाही. आपलीच माणसं आहेत, काय मागायचं, असं त्याला वाटलं. ही त्याची चूक.

नगरजवळ नाश्त्याला गाडी थांबली. निघताना त्यानं पुन्हा यादी वाचली. अकरावं नाव आलं, भागूबाई पुन्हा दाराकडे बघू लागल्या आणि शेजारचा माणूस पुन्हा उशिरा बोलला. त्यांच्या मागच्या सीटवर चतुराबाई होत्या, सोबत नवरा तात्यासाहेब. तात्यासाहेब मार्केट कमिटीतून निवृत्त झालेले, अबोल. चतुराबाईंना दमा होता, पण बोलण्याला दम लागत नसे. त्यांनी पुढे वाकून ऐकलं. भागूबाई शेजारच्याला म्हणत होत्या, "अरे, खाऊन घे की. सकाळधरनं काय नाय तुझ्या पोटात."

"अगं बाई!" चतुराबाई अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नवऱ्याला अरे-तुरे! लई धीट हायस गं. आमच्या यांना असं बोलले असते तर सासूनं आडात ढकललं असतं."

गाडी हसली. भागूबाईंनी पदर सारखा केला. त्यांच्या कपाळावर मोठी टिकली होती. ती अगदी नवी होती, आणि तिच्यामुळे कपाळाला काही सवय नसल्यासारखं दिसत होतं.

मुख्तारला सगळी हकीकत त्या दिवशी संध्याकाळी कळली. पण ती इथंच सांगायला हवी.

बद्रीनाथ पठाडे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर लांब चावी टाकून सायकलवरून हिंडायचे आणि हर्सूलच्या गल्ल्यांना पाणी सोडायचे. पाण्याला कधी पाच दिवसांचा गॅप, कधी आठ. बायका त्यांना रस्त्यात गाठून भांडत, पण नावानं कुणी ओळखत नसे; सगळ्यांना ते नुसते 'पाणीवाले'. घरी त्यांच्या स्वतःच्या बायकोनं तीस वर्षं पाण्याची टिपाडं आणि हंडे भरले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुख्तारला फोनवरूनच दोन सीटा सांगितल्या आणि घरी येऊन म्हणाले, "आता तुला असं पाणी दाखवतो, की बघून कट्टाळशील."

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये धाकट्या भावानं, कडूबानं, त्यांना मोटारसायकलवर बसवून पहिल्या डोसला नेलं. अकराव्या दिवशी ते कोविड वॉर्डात वारले. डॉक्टरांनी कडूबाला सांगितलं, की लागण आधीच झालेली होती, सुईचा त्यात काही दोष नाही. कडूबानं मान हलवली, पण ते त्याच्या मनात उतरलं नाही. मीच नेलं, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. त्यानं स्वतः डोस घेतला नाही. कपडे इस्त्री करायचं त्याचं दुकान होतं. तिथं बसून तो कुणाशी फार बोलेनासा झाला. वॉर्डातून भावाचा शेवटचा फोन त्यालाच आला होता. "माझं काय खरं नाय," बद्रीनाथ म्हणाले होते, "वहिनीला तेवढा समुद्र दाखवून आण."

भागूबाईंना नवऱ्याचं तोंड बघायला मिळालं नाही. गुंडाळलेलं काहीतरी गाडीतून गेलं, ते बद्रीनाथ होते असं कडूबानं सांगितलं, आणि कडूबाला ते तिथल्या माणसानं सांगितलं होतं. दहाव्याला बायकांनी कुंकू पुसलं, त्यांनी पुसू दिलं. रडल्याही. पण सायकल गंजू नये म्हणून दर रविवारी फडक्यानं पुसत राहिल्या, आणि नवऱ्याचा मोबाइल रोज चार्जिंगला लावत राहिल्या.

सात डिसेंबरला दुपारी तो मोबाइल वाजला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. कडूबा जेवायला आला होता, त्यानं वाचलं आणि त्याचा घास तसाच राहिला.

"काय लिव्हलंय?"

"वहिनी, दादाचा दुसरा डोस झाला म्हणं. यशस्वी."

भागूबाईंनी पदराला हात पुसले. मग त्यांनी विचारलं, "कुठं घेतला?"

"अहो वहिनी, चुकून आलंय ते. जुना नंबर टाकून कुणीतरी टार्गेटचा आकडा भरलाय."

"पण कुठं?"

"शाळेतल्या शिबिरात. आज, अकरा वाजता."

दुसऱ्या दिवशी भागूबाई त्या शाळेत जाऊन आल्या. शिबिर उठलं होतं. वर्गात दोन बाकं भिंतीला लावलेली होती आणि फरशीवर कापसाचे बोळे. काल अकराला कोण कोण आलं होतं, असं त्यांनी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "लई माणसं होती मावशी. कुणाकुणाचं तोंड ध्यानात ठेवू? सगळे मास्क बांधून."

हे उत्तर त्यांच्या मनात रुतून बसलं. सगळे मास्क बांधून होते.

तेवढ्यात मुख्तारचा निरोप आला, की दोन डोसवाल्यांनाच गाडीत घेणार. भागूबाईंचे दोन्ही झाले होते. कडूबाचा एकही नव्हता, आणि आता घेतला तरी दुसऱ्याला बारा आठवडे. एक डोस चालत होता तेव्हा त्याला धीर झाला नाही, आता धीर करून उपयोग नव्हता. चार दिवस विचार करून तो म्हणाला, "वहिनी, दादाचं सर्टिफिकेट हाय की. फोटो नाय त्याच्यावर. दादाच्या नावानं मी येतो." भागूबाई नको म्हणाल्या नाहीत. त्यानं दिलेलं टिकल्यांचं पाकीट त्यांनी ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं, ते त्यांनी पुढे मुख्तारला सांगितलं. "मला वाटायचं, यादीत नाव हाय, सर्टिफिकेट हाय. चारचौघांत मोठ्यानं पुकारलं तर येतील."

ताम्हिणी घाटात गाडी हळू झाली आणि चतुराबाईंनी माइक हातात घेतला. दर सहलीला उखाण्यांचा फेरा व्हायचाच. पहिला त्यांचाच:

"हर्सूलच्या तळ्यात बगळ्यांची रांग,
तात्यासाहेब, घोरणं कधी थांबवणार ते सांग!"

टाळ्या पडल्या. तात्यासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. दोन-तीन बायकांनी नावं घेतली आणि माइक बाराव्या सीटवर आला.

"मला नाय येत," भागूबाई म्हणाल्या.

"अरे-तुरे येतं, आन् नाव घ्यायला येत नाय? घे गं. सरळ नुसतं नाव घे, यमक मुख्तारभाई जुळवतील."

"वहिनी, द्या तो माइक," कडूबा दबक्या आवाजात बोलला. पण माइक चालू होता. 'वहिनी' हा शब्द सगळ्या गाडीत ऐकू गेला.

चतुराबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. पुढच्या सीटवरून मुख्तार वळला.

लग्नात एकदा भागूबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं, तेही कुणीतरी पढवलेलं. त्यानंतर अडतीस वर्षं रेशनच्या दुकानातसुद्धा 'आमचे हे' म्हणून भागवलं. त्या आता पुन्हा उभ्या राहिल्या, पुढच्या सीटचा दांडा धरून. दाराकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"बद्रीनाथ," त्या म्हणाल्या. आवाज फार मोठा नव्हता. "बद्रीनाथ आसाराम पठाडे. ते एप्रिलात वारले. हा माझा धाकला दीर, कडूबा. यानं सुई घेतलेली नाय."

 सकाळपासून दोन वेळा त्या नावाला 'हाय' असं उत्तर मिळालं होतं, आणि ते प्रत्येकानं ऐकलं होतं. पलीकडच्या एका बाईनं आपल्या नातीला नकळत जवळ ओढलं.

"साइड कू ले जरा," मुख्तार ड्रायव्हरला म्हणाला.

गाडी थांबली. तात्यासाहेब दिवसभरात पहिल्यांदा बोलले. "मुख्तारभाई, माझ्या बायकोला दमा हाय. पहाटेपास्नं हा माणूस तिच्या पुढ्यात बसलाय."

"मी मास्क काढला नाय तात्या," कडूबा म्हणाला. "पाणीसुद्धा प्यालो नाय गाडीत."

"ते खरं असंल. पण मेलेल्या माणसाचं नाव लावून कुणी गाडीत बसतं का?"

 कडूबानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तो त्या हातांकडे बघत राहिला. "दादानं सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "शेवटचं तेवढंच सांगितलं व्हतं."

मुख्तारनं त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, "माणगावला तुम्हाला उतरावं लागंल, भाऊ. पुण्याकडची गाडी मी बघून देतो. एस.टी.चा संप हाय, पण काहीतरी मिळंल." मग तो भागूबाईंकडे वळला. "मावशी, तुमचं काय करायचं? तुम्ही आलात तर माझी ना नाही. परत जायचं म्हणालात तर तीही सोय करतो."

समुद्र तिथून दोन-अडीच तासांवर होता. भागूबाईंनी दिराकडे पाहिलं.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "कडूबा, तू घरी जा, आन् सुई घे. तुझ्या दादाला सुईनं नेलं नाय. तू पण नेलं नाय. ऐकलं का?"

माणगावच्या नाक्यावर कडूबा उतरला. मुख्तारनं त्याला पुण्याच्या एका जीपमध्ये पुढची सीट मिळवून दिली. जीप वळेपर्यंत भागूबाई खिडकीतून बघत होत्या. पुढच्या रस्त्यात त्यांनी टिकली काढली आणि रुमालाच्या टोकात बांधून ठेवली. अकरा नंबरच्या सीटवर कुणी बसलं नाही. कुणी सामानही ठेवलं नाही.

लॉजवाल्यानं सर्टिफिकेटं मोजली, मग माणसं मोजली. "एक माणूस कमी आहे, मुख्तारभाई."

"हो," मुख्तार म्हणाला. "कमी आहे."

पण यादी आठ दिवस आधीच पाठवलेली होती. भागूबाईंच्या खोलीत दोन पलंग, दोन टॉवेल, साबणाच्या दोन वड्या ठेवलेल्या. चहा घेऊन आलेल्या बाईनं दोन कप ठेवले आणि विचारलं, "साहेब खाली गेले का? त्यांचा झाकून ठेवू?" मुख्तार खोलीची किल्ली द्यायला दारात आला होता. तो काही बोलणार तेवढ्यात भागूबाई म्हणाल्या, "ठेवा." त्यांनी आपला कप संपवला, दुसऱ्यावरची बशी सारखी केली, आणि तेव्हा, त्या दुसऱ्या कपाकडे बघत, मुख्तारला पहिल्यापासून सगळं सांगितलं. दीड-एक तास लागला. यादी पुन्हा वाचायला नको, म्हणून पुढचे दोन दिवस मुख्तार नुसती डोकी मोजत राहिला.

त्याच संध्याकाळी सगळे समुद्रावर गेले, तेव्हा भरती उतरली होती. चतुराबाई वाळूत भागूबाईंपासून चार हात अंतर ठेवून उभ्या राहिल्या. मास्क त्यांनी नीट नाकावर ओढून घेतला होता.

"माझ्या तोंडाला काय हाड नाय बाई. मी उगाच मागं लागले तुमच्या."

"नाय वो," भागूबाई म्हणाल्या. "कुणीतरी इचारायलाच पायजे व्हतं. मला कुणी इचारलंच नव्हतं."

पाणी घोट्याला लागलं तेव्हा त्या मागे सरकल्या नाहीत. अंधारून येईपर्यंत बघत राहिल्या. कट्टाळल्या मात्र नाहीत, असं चतुराबाई पुढे सगळ्यांना सांगत असत. पण एकदा, लाट परतताना, भागूबाईंनी मागे वळून बघितलं होतं. पाठीमागे तर कुणीच नव्हतं. हे मात्र चतुराबाईंनी फक्त मुख्तारला सांगितलं.

कडूबानं जानेवारीत पहिला डोस घेतला. भागूबाई त्याच्यासोबत रांगेत उभ्या होत्या. ते सर्टिफिकेट रद्द करून घ्यावं म्हणून दोघं दोन कचेऱ्यांत जाऊन आले. जिवंत माणसाच्या नावात दुरुस्ती करता येते, मेलेल्याची सोय नाही, असं त्यांना दोन्हीकडे सांगितलं. पुढे कुणी सर्टिफिकेट विचारीनासं झालं आणि गोष्ट तिथंच राहिली.

भागूबाई आता साठीच्या आहेत. हर्सूलच्या अंगणवाडीत सकाळी खिचडी शिजवतात, दुपारी एकला घरी येतात. घर तेच आहे, दोन खोल्यांचं, आणि लाइटचं बिल अजून बद्रीनाथ आसाराम पठाडे यांच्या नावानं येतं.