विषयाबाहेरच्या नोंदी

छापखान्यात तेहेतीस वर्षं प्रुफं तपासून बाई निवृत्त झाल्या, पण त्यांची लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्यासाठी दाराला लावायची चिठ्ठीसुद्धा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय दाराला लागत नसे. सून म्हणायची, "आई, तो वाचतच नाही हो, नुसता आकडा बघतो." त्यावर बाई म्हणत, "मग आकडा तरी सरळ काढ."

असं माणूस चर्चच्या नजरेतून सुटलं असतं तरच नवल. त्या भागातल्या अकरा मंडळ्यांची मिळून एक प्रेस्बिटेरी होती. मंडळी म्हणजे एका ठिकाणचं चर्च आणि त्यातली माणसं. प्रत्येक मंडळीचा कारभार निवडून दिलेले 'वडील', म्हणजे जाणते सभासद, बघत आणि आपल्या सभांचं इतिवृत्त एका वहीत लिहीत. वर्षातून एकदा या अकराही वह्या तपासणीला येत, आणि गेली बारा वर्षं त्या बाईंकडे येत होत्या. बाई स्वतः शहरातल्या मंडळीच्या वडील. बाई असून वडील कशा, असा विनोद करणारे दोघं होते. त्यांच्या वह्या तपासून परत गेल्यावर त्यांचाही विनोद संपला.

बाई डोळ्यांत तेल घालून वाचत. तारीख नाही, सही नाही, ठराव कोणी मांडला ते नाही. समासात लाल खूण आणि शेवटी शेरा. लोक त्यांना वचकून होते आणि बाईंना ते मनातून आवडायचं, हे कशाला लपवा?

सगळ्यांत जास्त लाल रंग डोंगरावरच्या मंडळीच्या वहीत सांडायचा. अकरा सभासदांची ती मंडळी, आणि वही लिहिणारे तिथले सुतारकाका. त्यांना काय लिहावं आणि काय लिहू नये याचा पोच म्हणून नव्हता. 'आजींना आता दिसत नाही. मुलाचं पत्र वाचून दाखवायला सोमवारी कोण, गुरुवारी कोण, ते ठरलं.' 'खालच्या वस्तीतला गवंडी शिडीवरून पडला. तो आपल्या चर्चचा नाही. त्याचं अर्धं राहिलेलं छप्पर आपण पुरं करायचं ठरलं.' आणि वर्षभर चाललेलं ते एक प्रकरण: 'दोघा भावांचं बांधावरून भांडण. दोघांनी उपासनेला एकाच बाकावर बसायचं ठरलं.' पुढच्या सभेत: 'अजून बोलत नाहीत. बाक बदलू नये.' त्याच्या पुढच्या सभेत पुन्हा: 'बोलत नाहीत. बाक तोच.'

बाईंनी हे सगळं आडव्या रेघेनं छाटलं आणि लागोपाठ तीन वर्षं खाली तोच शेरा लिहिला: 'विषयाबाहेरच्या नोंदी टाळाव्यात.' चौथ्या वर्षी वही आली ती धुतल्या तांदळासारखी. बाईंनी समाधानानं सही केली.

मग प्रेस्बिटेरीनं आपलं ध्येय आणि पुढच्या पाच वर्षांची उद्दिष्टं ठरवायचं मनावर घेतलं. पाच जणांची समिती नेमली आणि तिच्या डोक्यावर बसवले बँकेतून निवृत्त झालेले एक वडील. बाईंना घेतलं ते भाषा नीट राहावी म्हणून. शनिवारी चर्चच्या मागच्या खोलीत घडीच्या खुर्च्या मांडायच्या, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवायच्या आणि चहा गार होईपर्यंत एका शब्दावर भांडायचं. 'आम्ही एकमेकांची आणि शेजाऱ्यांची ओझी वाहू' या ध्येयाच्या एका वाक्याला दोन शनिवार लागले. तेवढ्यात छापखान्यात अख्खं पाठ्यपुस्तक निघालं असतं, पण बाई खूश होत्या.

पहिली दोन उद्दिष्टं झाली. तिसऱ्याची चिठ्ठी बँकवाल्यांनी स्वतः लावली: 'निष्क्रिय मंडळ्या जवळच्या मंडळीत विलीन करणे.' आणि खाली एकच नाव, डोंगरावरच्या मंडळीचं.

"निष्क्रिय कशावरून?" बाईंनी सहज विचारलं.

"तुमच्याच सहीच्या वहीवरून." त्यांनी वही पुढे सरकवली. "वर्षात सहा सभा. काम शून्य. मी काही मनचं बोलत नाही, बाई."

बाईंनी वही उघडली. 'सभा भरली. प्रार्थना झाली. विषय नाही. सभा संपली.' सहा वेळा, त्याच अक्षरात, त्याच चार ओळी. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते बाईंना त्या घडीच्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं.

वही घरी आणून त्यांनी मागची पानं काढली. या खेपेला हातात पेन्सिल नव्हती. स्वतःच मारलेल्या लाल रेघांखालचं वाचता वाचता दुपार गेली. सून भाजी निवडत समोर बसली होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यांनी काम करणं सोडलं, की लिहिणं?" सुनेनं विचारलं.

"तेच तर मला माहीत नाही."

"बारा वर्षांत तुम्ही एकदाही तिथं गेला नाहीत?"

"मी वह्या तपासते गं, माणसं नाही." बोलून गेल्या आणि त्यांच्या त्यांनाच ते कसंसंच वाटलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"मग सांगून टाका ना सभेत."

"सांगू काय? की ज्या शेऱ्याचा तुम्ही धाक घेता, त्या शेऱ्यानं एक चर्च बंद पडतंय?" बाईंचा आवाज चढला. "तेहेतीस अधिक बारा वर्षांत माझी चूक कुणी काढलेली नाही."

सुनेनं देठ बाजूला केला. "मग आता तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाला जमायची नाही."

महिन्यानं प्रेस्बिटेरीची सभा भरली. नावं पुकारली गेली, एकेका मंडळीचे वडील 'हजर' म्हणत गेले. मागच्या रांगेत सुतारकाका होते. हातांना अजून रंधा मारल्याचा भुसा. उद्दिष्टं वाचून झाली. तिसऱ्यावर कुणाला काही बोलायचं आहे का, असं अध्यक्ष असलेल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विचारलं. सुतारकाका उठले आणि परत बसले. तेव्हा बाई उठल्या.

त्यांनी आधी छाटलेल्या नोंदी वाचल्या. आजींचं पत्र, गवंड्याचं छप्पर, दोघा भावांचा बाक. बाकाला सभागृह हसलं. मग त्यांनी स्वतःचा शेरा वाचला, तिन्ही वर्षांचा, तारखेसकट. हसणं थांबलं.

"सुतारकाका," त्या मागं वळून म्हणाल्या, "हे काम तुम्ही थांबवलंत का?"

"काम कशाला थांबवू, बाई? लिहायचं थांबवलं. तुम्ही लिहिलं होतंत ना तसं." त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

"आणि ते दोघे भाऊ?"

सुतारकाकांचा चेहरा खुलला. "बोलले की! चौदा महिन्यांनी. उपासना चालू असतानाच धाकटा म्हणाला, जरा सरक. थोरला सरकला. आम्ही सगळे रडलो, बाई. पण ते विषयाबाहेरचं, म्हणून नाही लिहिलं."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते भर सभेत पदरानं पुसले. "ध्येयाच्या वाक्याला आम्ही दोन शनिवार घासले," त्या म्हणाल्या. "त्या वाक्यात जे आहे ते हे लोक न बोलता करत होते, आणि मी ते छाटलं. चूक माझी आहे. शिक्षा त्यांना नको."

बँकवाले लगेच मानणारे नव्हते. वहीत नसेल तर समितीनं धरायचं काय, असं त्यांनी विचारलं, आणि ते खोटंही नव्हतं. वादावादी तासभर चालली. शेवटी तिसरं उद्दिष्ट बदललं: यापुढे जो वडील ज्या मंडळीची वही तपासेल, त्यानं आधी त्या मंडळीला जाऊन यायचं. चार हात विरोधात वर झाले. त्यातला एक बँकवाल्यांचा, पण सभा संपल्यावर बाईंसाठी खुर्ची त्यांनीच सरकवली.

वर्षानं वह्या आल्या. बाईंनी डोंगरावरची वही आधी उघडली. सुतारकाकांची गाडी पुन्हा रुळावर आली होती. पानंच्या पानं भरली होती. शेवटची नोंद अशी: 'तपासनीसबाई उपासनेला आल्या. चढ फार, त्यांचे गुडघे दुखत होते, पण त्यांनी सांगितलं नाही. उतरताना दोघा भावांनी दोन्हीकडून धरून बसपर्यंत नेलं. कसं धरायचं यावरून दोघे वाटभर भांडले. पुढच्या वेळी त्यांना खुर्चीत बसवून न्यावं, असं ठरलं.'

बाईंनी ती नोंद पुन्हा एकदा वाचली. मग लाल पेन्सिलीला टोक काढून त्यांनी खाली लिहिलं: 'तपासले. दुरुस्ती नाही. गुडघे आता बरे आहेत.'