समेवर हलणारा कॅमेरा

आमच्या लेकीच्या बँडचं एकमेव चित्रीकरण इंटरनेटवर आहे आणि ते मी केलेलं आहे. बँड केव्हाच मोडला, पण हेवी मेटलचे शौकीन भारी चिवट. कुठकुठल्या देशांतले लोक ते शोधून काढतात आणि खाली तक्रारी लिहितात. गायक दिसतच नाही. गिटारवाले दिसत नाहीत. कॅमेरा सारखा हलतो, धरणाऱ्याला हुडहुडी भरली होती का? एकाने फार अदबीने विचारलंय, याहून बरी प्रत कुणाकडे आहे का. नाही हो, कुणाकडे नाही. त्या दिवशी सभागृहात कॅमेरा एकच होता आणि तो माझ्या हातात होता.

लेक ड्रम वाजवायची. त्याआधी तबला. तो तिला शिकवला तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ ह्यांची शिकवणी चाले. ह्यांची एक रीत होती, ती विद्यार्थ्यांना फार उशिरा कळायची. ज्याच्या हातून काही व्हायचं नाही, त्याला हे "छान, छान" म्हणत. चूक काढायची ती फक्त ज्याला शिष्य मानलं त्याची. लेकीने लहानपणापासून ह्यांच्या तोंडून "छान" कधी ऐकलंच नव्हतं, आणि त्याचा तिला कोण तोरा!

मग ती कॉलेजात गेली आणि केस वाढवलेल्या मुलांबरोबर ड्रमवर बसली. एकदा त्यांची कॅसेट तिने मोठ्या हौसेने बाबांना ऐकवली. हे डोळे मिटून बसले, आणि संपल्यावर म्हणाले, "छान."

आत जाऊन तिने आपल्या तबल्यावर खोळ घातली, ती दोन वर्षं निघाली नाही. घरात बोलणं सगळं चालू होतं, परीक्षेचं, भाजीचं, गॅस सिलिंडरचं. वाजवण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. दोघंही एकाच मातीची, हटून बसली की बसली. माझा जीव तुटायचा.

मग बँडचा सभागृहात कार्यक्रम लागला. त्याला हे येणार नाहीत हे ठरलेलंच होतं. म्हणून मी शेजारच्या गुजराती बेनकडून त्यांचा हँडीकॅम मागून आणला. ह्यांना दाखवायचंच, असा चंग बांधला होता. "लाल बटन दबावजो, बस," एवढीच बेनची शिकवणी. मी चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत बसले. आजूबाजूला सगळे काळे टी-शर्ट. लाल बटण दाबलं आणि कॅमेरा लेकीवर रोखला. बाकीच्यांना त्यांच्या आयांनी टिपावं.

आवाज छातीत घुमत होता. पण दुसऱ्या गाण्यात मला सम सापडली. तबलजीच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर समेला मान आपोआप हलते, आणि मानेबरोबर हातही. हातात कॅमेरा आहे हे मी साफ विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हे पेपर वाचत बसलेले बघून, मी ते टीव्हीवर लावलं. आवाज पार फाटलेला, मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा. मी कपाळाला हात लावला.

"आधी तो आवाज बंद कर," हे म्हणाले.

मी आवाज बंद केला आणि चित्र तसंच ठेवलं. मुद्दामच. थोड्या वेळाने पेपर खाली आला. मुक्या पडद्यावर लेकीचे हात चालले होते आणि ठरावीक वेळाने अख्खं चित्र झुकून वर येत होतं. ह्यांची बोटं खुर्चीच्या हातावर मोजायला लागली.

"सात मात्रा," हे पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सम तू दाखवतेस?"

"चुकून झालं हो."

"बरोबर दाखवतेस. जरा मागे घे."

मी मागे घेतलं. पुन्हा घेतलं. चहा गार झाला तरी ह्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी हे उठले.

"डावा हात मागे राहतो तिचा. खांदे उगाच उचलते. आणि तिसऱ्या गाण्यात लय पळवली, बघ, तुझी मानही तिच्यामागे पळतेय. सकाळी साडेपाचला रियाजाला बस म्हणावं तिला." आणि आत जाऊन ह्यांनी तिच्या तबल्यावरची खोळ काढून खिडकीत झटकली.

मी तिथेच उभी राहून रडले. आनंदाने, दुसरं काय.

संध्याकाळी लेक आली, तशी मी तिला दारातच गाठली. "बाबांनी बघितलं तुझं."

एक चप्पल काढून ती थांबली. "छान म्हणाले?"

"चुका काढल्या."

ती एका पायात चप्पल घेऊन तशीच उभी. "किती?"

"तीन," मी सांगितलं, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं.