तेलाच्या डबीतलं केशर

घड्याळजींनी हौसेने केशर आणलं आणि बायकोच्या डोक्याला ताप झाला. तिने त्याला हातसुद्धा लावायचा नाही! "तुझ्या स्वयंपाकघरात ओल असते," म्हणत त्यांनी ते दुकानात, घड्याळाच्या तेलाच्या रिकाम्या डबीत घट्ट बंद करून ठेवलं. तिने मागितलं की एकच पालुपद: "चांगल्या दिवसाला काढू."

आज नवे जावई आले. घड्याळजींनी स्वतः चिमट्याने एकेक काडी उकळत्या दुधात सोडली. जावयांनी एक घोट घेतला, कसनुसं हसून पेला खाली ठेवला. तिने चाखून पाहिलं, तर नुसता तेलाचा वास!

"अहो, सगळ्यांचं दूध आता तुम्हीच प्या," ती म्हणाली. "उठता-बसता गुडघे कुरकुरतात ना तुमचे?"