ओट्याजवळचा फळा

माझे सासरे स्वयंपाकघराच्या दारात थांबून आधी तीनदा नाकाने श्वास ओढत आणि मगच आत येत. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं, माझ्या फोडणीचं कौतुक चाललंय. प्रत्यक्षात अप्पा गॅस गळतोय का, ते हुंगत असत.

एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी जन्मभर सुरक्षा विभाग सांभाळला होता. निवृत्तीनंतर त्यांच्या ताब्यात उरलं ते आमचं एवढंसं स्वयंपाकघर. भांड्याची दांडी भिंतीकडे वळलेली हवी. कुणाच्या पाठीमागून गरम पातेलं नेताना ‘मागे आहे’ म्हणायचं. सुरी निसटली तर झेलायला जायचं नाही. “सुरी बाजारात मिळते, बोट मिळत नाही,” हे वाक्य मला पाठ झालं होतं. सासूबाई वैतागून म्हणायच्या, “आमच्या लग्नात होमाशेजारी वाळूची बादली ठेवायची तेवढी राहिली.”

“ठेवली होती,” अप्पा शांतपणे म्हणायचे. “मांडवाच्या मागे.”

ओट्याजवळ त्यांनी एक छोटा फळा टांगला होता. ‘विनाअपघात दिवस’ आणि खाली खडूने आकडा. कुणाला चटका बसला, कापलं, की पुन्हा शून्य. एकदा आम्ही नव्याण्णववर पोचलो आणि अप्पांनी जाहीर केलं, उद्या श्रीखंड. नेमकं त्याच संध्याकाळी मी घाईत कुकरचं झाकण काढलं आणि वाफेने मनगट भाजलं. सासूबाईंनी माझा हात नळाखाली धरला. मग आम्ही दोघींनी फळ्याकडे पाहिलं. “नव्याण्णव झालेत गं,” त्या हळूच म्हणाल्या. मी लांब बाह्यांचा ड्रेस घातला.

दुसऱ्या दिवशी मी श्रीखंड वाढायला लागले ते डाव्या हाताने. अप्पांनी पाहिलं. “अगं, बाही वर कर.” फोड दिसल्यावर त्यांनी वाटी बाजूला सारली.

“कंपनीच्या गेटवर असाच फळा होता,” ते म्हणाले. “आकडा मी लिहायचो. ठरावीक आकडा गाठला की सगळ्यांना स्टीलचा डबा मिळणार होता. म्हणून एकाने हातावरचं भाजणं आठवडाभर लपवलं. दोन बोटं गेली त्याची. इतकी वर्षं मी त्यालाच दोष दिला. चूक फळ्याची होती.”

मला रिक्षाने डॉक्टरांकडे नेऊन आणल्यावर त्यांनी आकडा पुसला, तो कायमचा. त्या जागी लिहिलं, ‘आज काय चुकलं? सांगणाऱ्याला कुणी बोलायचं नाही.’ मग फळा भरू लागला. ‘ओल्या हाताने मिक्सरचा प्लग काढला,’ हे माझं. ‘स्टुलावर पाट ठेवून चढलो,’ हे नवऱ्याचं. अप्पांच्या नावावर बरीच वर्षं काही नव्हतं, आणि आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचोही.

दुपारचा चहा अप्पाच करत. तो त्यांचा मान होता. दुसऱ्या कुणी केलेला चहा त्यांच्या मते पाणचट. एकदा मी ऑफिसातून आले, तर फळ्यावर अप्पांच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: ‘चहा उतू जाऊन गॅस विझला. बटण चालूच राहिलं. मला वास आला नाही. हिला आला. यापुढे मला एकट्याला ओट्यापाशी जाऊ देऊ नये.’ खाली लायटर ठेवला होता.

“खिडक्या उघडल्या आणि सरळ खडूच घेतला त्यांनी,” सासूबाई म्हणाल्या. मला रडू आलं. पण नियम त्यांचाच होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

दुपारचा चहा मग मी ऑफिसातून आल्यावर, संध्याकाळी सातला होऊ लागला. पुढची दोन वर्षं, अप्पा जाईपर्यंत, तो त्यांनी आणि मी मिळून केला. सवयीने ते दारात थांबत. मी आतून तीनदा श्वास ओढायची आणि म्हणायची, “या, अप्पा.” मग ते आत येत आणि आधी भांड्याची दांडी भिंतीकडे वळवत.