वहिनीचा काळा रवा

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या नागावात वहिनीच्या हातून सुटलेलं नाक एकच होतं, ते माझं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, नारळाच्या वाड्या वेगळ्या झाल्या, पण कुंपण एकच, आणि कुंपणावरून तिची नजर थेट माणसाच्या नाकावर. तेलकट तोंडाच्या माणसाच्या नाकावर जे बारीक काळे ठिपके बसतात, त्यांना पोरं ब्लॅकहेड म्हणतात. वहिनी काळा रवा म्हणते. मी शाळा चौथीत सोडली, पण मला तिचाच शब्द पटतो, कारण बोट फिरवलं की खरोखरच रव्यासारखं लागतं.

माणसाची ओळख तिला नाकावरून. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीची आई पोहे कोणी केले ते सांगायला लागली, तर वहिनी मध्येच म्हणाली, "पोरगी झ्याक हाय. नाकाचं मी बघते." ती माउली रडायच्या बेतात आली. आज तीच मुलगी सून होऊन सासूसाठी डाळीचं पीठ चाळून ठेवते. पुतण्यानं घरात पर्यटकांना खोल्या दिल्या, तेव्हा तर वहिनीला रानच मोकळं मिळालं. पाहुण्यानं चहा मागितला की चहामागून गरम पाण्याची तपेली यायची. डोक्यावरून टॉवेल, तोंडावर वाफ, मग पीठ ताकात कालवून बोटाच्या पेरानं हलकं हलकं चोळायचं आणि वर गार पाणी. नख लावणाऱ्याच्या हातावर चापट. "नखानं खड्डा पडंल. मग त्यात काय भात लावशील?" मुंबईचा एक तरुण समुद्रात स्कूटर चालवायला आला होता. तो वाफ घेईतो भरती निघून गेली, स्कूटर राहिली, पण नाक असं लखलखीत घेऊन गेला की पुढच्या खेपेला आईलाच घेऊन आला.

माझं आणि तिचं भांडण तेलावरून. मी रोज सकाळी वाडीतलं खोबरेल तोंडाला चोपडतो. बाप चोपडायचा, मी चोपडतो. ती कुंपणावरून म्हणायची, "भाऊजी, तुमचं तोंड मुळातच तेलाचं. त्यावर आनी तेल? वडं तळायचं हायत काय?"

"तेल माझ्या वाडीचं, नाक माझं."

"नाक तुमचं, पन बघावं आमाला लागतं."

यावर मी आणखी एक बोट तेल लावायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याची एक बाई उतरली होती. वहिनीनं तिला पडवीत बसवलं, आणि नाकाच्या शेंड्यावरचा एक रवा काही केल्या निघेना. वहिनी हट्टी, चोळतच राहिली. बाई कळवळली तशी सून धावत आली. तो रवा नव्हता, जन्माचा तीळ होता. बाई समजूतदार, हसली. पण आईला धड दिसत नाही, आणि ते तिनं सगळ्यांपासून लपवलंय, हे पुतण्याला कळून चुकलं. तो ओरडला नाही. "आई, आता कुना पाव्हण्याला हात लावायचा न्हाय," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेलो. तपेली पालथी पडली होती. वहिनी पायरीवर बसून जमिनीकडे बघत होती. मी मुद्दाम नाक पुढे काढून उभा राहिलो.

"वहिनी, तेलावरून बोल की."

"तुमचं नाक तुमचं, भाऊजी," ती म्हणाली.

इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो, आणि त्या रात्री मी भाकरी तशीच झाकून ठेवली. भाऊ गेला तेव्हासुद्धा तेराव्याला आलेल्या माणसांची नाकं तिनं बघून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. तोंडाला तेल चोपडलं, रोजच्याहून जास्त, अंधुक डोळ्यालाही चमक दिसावी इतकं. कुंपणाचा झावळ्यांचा झाप बाजूला सारला, तिच्या पडवीत जाऊन तपेली सुलटी केली, पाटावर बसलो आणि उजेडाकडे तोंड करून म्हणालो, "वहिनी, माझ्या नाकावर तीळ एकबी न्हाय. पाणी तापव."