वाटीभर चरबी

दाऊदभाईचं तेल माहीत नाही असा गुडघा मूर्तिजापुरात शोधून सापडायचा नाही. आठवडी बाजारात, शकुंतला रेल्वेच्या डब्यात, बडनेऱ्याच्या फलाटाबाहेर, कुठेही हा उंच किडकिडीत माणूस खांद्याला पिशवी लावून उभा राहायचा आणि सुरू व्हायचा, "घोरपड भितीले चिपकली का चार माणसं वढू शकत नाही. तिचंच अस्सल तेल हाये हे. मंग तुमचा सांधा कसा ढिला राहीन?" लोक घ्यायचे. आणि गंमत पाहा, हाच दाऊदभाई घरात पाल दिसली की पलंगावर चढून बसायचा आणि बायकोला हाक मारायचा. घोरपडीला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. तेलात असायची बकरीची चरबी, मोहरीचं तेल, लसूण, ओवा आणि कापूर. त्याचा बापही तोंडानं घोरपड सांगायचा आणि कढईत बकरीच टाकायचा.

नाव झालं दाऊदभाईचं, पण चुलीपुढे धूर खाल्ला तो त्याच्या बायकोनं, हलीमाबीनं. ही गोष्ट तिचीच आहे. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला एकच नियम सांगितला होता, की कढई कधी घासायची नाही. जुन्या तेलाचा गाळ तळाशी ठेवायचा आणि त्याच्यावर नवं घालायचं, दुधाला विरजण लावतात तसं. त्यानंच तेलाला गुण येतो म्हणे. चाळीस वर्षांत त्या कढईला राख लागली नव्हती. तळाशी बोटभर काळा थर बसला होता.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापूस वेचून बाया वाकल्या आणि फवारणीचे पंप वाहून माणसं. डॉक्टरकडे जायची ऐपत जसजशी सरत गेली, तसतशी दाऊदभाईची गिऱ्हाइकी मात्र वाढली. हलीमाबीला हे खुपायचं. नमाजी बाई, खोटं तिला पचायचं नाही. ती नवऱ्याला म्हणायची, "लोकायले सांगून काहून नाही देत का बकरीची चरबी हाये? गुण तर येतेच ना."

दाऊदभाई हसायचा. "बकरी त्यायच्या घरी बी हाये. तिच्यासाठी कोन येईन आपल्या दारात?"

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर पार्बताबाई आली. जवळच्याच खेड्यातली, वेचणीला जाणारी विधवा. कंबर अशी धरलेली, की उंबऱ्यावर बसताना तिनं दोन्ही हात जमिनीला टेकले. दाऊदभाई बाजाराला गेला होता. हलीमाबीनं शिशी पुढे केली, पण पार्बताबाईनं ती घेतली नाही.

"भाभी, पोट मारून आली मी. नाई गुण आला तं मले वेचणीले कोनी नेत नाई. हे अस्सल हाये का नाई, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

हीना तिथंच अभ्यास करत बसली होती. तेरा वर्षांची एकुलती एक पोर, तीही नवसासायासानं झालेली. आता काय करावं माणसानं? नाही म्हणावं तर नवऱ्याची तीस वर्षांची इज्जत जाते. हलीमाबीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "अस्सल हाये," ती म्हणाली. पार्बताबाई शिशी घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी हीनाला ताप भरला.

साधा तापच तो, सगळ्या मोहल्ल्यात साथ होती. पण मनाला कोण समजावणार? हलीमाबी रात्रंदिवस पोरीच्या उशाशी बसली आणि तिच्या डोक्यात एकच, की खोटी कसम पोरीवर उतरली. सहाव्या दिवशी श्रावण नावाचा मजूर दाराशी आला. वावरात कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग उपसताना घोरपड निघाली होती, पोरांनी ती मारून खाल्ली होती, आणि वाटीभर चरबी घेऊन हा आला होता. त्या बदल्यात त्याला दोन शिश्या तेल पाहिजे होतं. दाऊदभाईनं तोंडानं घोरपड विकली तरी खरी घोरपड कधी कोणाकडून घेतली नव्हती, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

हलीमाबीला वाटलं, अल्लानंच पाठवला. तिनं ती चरबी, मांसाच्या तुकड्यांसकट, कढईत ओतली. नव्या तेलाची शिशी भरून स्वतः पार्बताबाईच्या गावी गेली आणि जुनी शिशी बदलून आणली. आता कसम खरी झाली. हीनाचा ताप उतरला. नवऱ्याला ती काही बोलली नाही. हा माणूस पालीला भितो, कढईतलं ऐकून जेवणसुद्धा टाकील, म्हणून गप्प राहिली. एवढीच तिची चूक.

पुढच्या उन्हाळ्यात वनखात्याची गाडी दाराशी उभी राहिली. दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'घोरपडीचे अस्सल तेल'. चोर शोधायला लांब जावंच लागलं नाही. घोरपड म्हणजे वाघाच्या बरोबरीनं राखलेलं जनावर, असं साहेबांनी सांगितलं. शिश्या नेल्या, कढई नेली आणि दाऊदभाईलाही नेला. जामीन मिळाला नाही. तो अकोल्याच्या जेलात गेला.

वकील मिळाला तो संघपाल, गावातलाच, नवा पण हुशार पोरगा. त्याच्या आईचे गुडघे दाऊदभाईच्या तेलावर चालत होते, म्हणून फी घ्यायला तयार नव्हता. जेलच्या भेटीत त्यानं विचारलं, "चाचा, खरं सांगा. घोरपड आहे का त्यात?"

दाऊदभाईनं मान खाली घातली. तीस वर्षांची झाकली मूठ उघडायची होती. "नाही बाबू. बकरी हाये. म्या लोकायले फसवलं. पन घोरपड नाही."

"मग तर तुम्ही सुटले," संघपाल म्हणाला. "आपणच कोर्टात मागणी करू. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी होते. तेल कितीही कढवलं तरी मांसाचा कण राहिला की त्यात कोणतं जनावर ते निघते. बकरी निघाली की केस खलास."

हलीमाबी बाजूलाच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "थोडंसं काही असन तं? वाटीभर?"

"वाटीभर काय, चाची, चिमूटभरही लपत नाही. शिश्यांतलं तेल गेलंच, कढईचा तळही खरवडून पाठवतील."

जाळीपलीकडे दाऊदभाई महिन्याभरात पहिल्यांदा हसत होता. तिनं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणाल. सोपं आहे म्हणणं. बोलली असती तर ती आत गेली असती, नवराही आतच होता, आणि तेरा वर्षांची पोर कोणाच्या उंबऱ्यावर ठेवायची? शिवाय आशा मोठी चिवट. तिनं हिशोब घातला की आठ महिने झाले, पंधरा-सोळा घाणे निघून गेले, वाटीभर चरबी कधीच वाहून गेली असेल. पण कढई कधी घासायची नाही हा सासऱ्याचा नियम तिनं स्वतःच इमानानं पाळला होता. येताना पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून ती तो काळा थर आठवत राहिली.

दाऊदभाईनं कोर्टात लेखी दिलं, की माझं तेल खोटं आहे, त्यात बकरी आहे. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं. मग काय विचारता! शिश्या परत यायला लागल्या. कोणी दारात ठेवून गेलं, कोणी अंगणात फोडून गेलं. हीनाला शाळेत पोरी 'बकरी' म्हणून चिडवायला लागल्या. हलीमाबीनं सगळं गिळलं. मग पार्बताबाई आली.

पार्बताबाई उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता वं तू. काही वाटलं नाई तुले?"

हलीमाबीच्या ओठांवर आलं होतं, की बाई, तुझ्याचसाठी खरी केली मी ती कसम. पण खरं बोलायचं म्हणजे नवऱ्याला बुडवायचं. पार्बताबाई थुंकून निघून गेली. त्या रात्री हलीमाबी जेवली नाही आणि नमाजात तिला काय मागावं तेच सुचेना. खरं निघो म्हणावं की खोटं निघो?

तीन महिन्यांनी अहवाल आला. कोर्टाच्या व्हरांड्यात संघपालनं तो दोनदा वाचला आणि बाकावर खाली बसला. शिश्यांमध्ये बकरी. तळाच्या खरवडीत बकरी आणि घोरपड.

दाऊदभाईचा हात पोलिसाच्या हातात होता. तो आधी हसला, काहीतरी गफलत असेल म्हणाला. मग त्याची नजर बायकोवर गेली. पंचवीस वर्षांचा संसार, न बोलता कळतं माणसाला. "कवा?" एवढंच त्यानं विचारलं.

"हीनाले ताप आलता तवा," ती म्हणाली, आणि तशीच वनखात्याच्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, यायले काही माहीत नाही. म्या टाकली. वाटीभर होती. मले न्या."

साहेब वाईट माणूस नव्हते. वहीतून डोकं वर काढून ते शांतपणे म्हणाले, "बाई, प्रत्येक केसमध्ये घरची बाई हेच म्हणते. नवऱ्याला वाचवायला असं करू नका. पोरीचं पाहा."

"खरं सांगून राह्यली मी. कसम खाऊन सांगते."

"तिचं आयकू नका, साहेब," दाऊदभाई मागून बोलला. त्याचा आवाज बाजारातल्यासारखा खणखणीत निघाला. "थे भोळी हाये. घोरपड म्याच पकडली, म्याच कापली. माह्या हातानं."

पालीला भिणारा माणूस! तीस वर्षं तो खोटं बोलला तेव्हा हलीमाबीनं ते मनाला लावून घेतलं होतं. आता याच्यासाठी तिनं कोणाच्या डोक्यावर हात ठेवावा? ती तोंडात पदर कोंबून रडली. आत जाऊन दाऊदभाईनं गुन्हा कबूल केला. तीन वर्षांची सजा लागली.

ही बातमीही पेपरात आली. आठवडाभरात पार्बताबाई पुन्हा दाराशी. या वेळी ती आत आली, हात टेकून उंबऱ्यावर बसली आणि हीनाच्या डोक्यावरून बोटं फिरवून कानशिलाशी मोडली.

"माफ कर, भाभी. म्या तुले नाई नाई थे बोलली. तुही शपथ खरी होती. सरकारनं मशीनीत पाहून सांगतलं का अस्सल हाये म्हणून."

हलीमाबीला राहवलं नाही. "नाही वं, पार्बताबाई. त्या दिवशी खोटीच खाल्ली होती. मंग खरी केली मी, मागून. त्याच्यापायीच हे आत गेले."

पार्बताबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि समजुतीनं मान हलवली. "आता कायले लपवतं, बाई? होऊन गेलं थे होऊन गेलं." मग कमरेच्या पिशवीतून तिनं रिकामी शिशी काढली. लोक आता पार कारंजा गावापासून विचारत येतात म्हणाली, एखादी कुठं कोपऱ्यात उरली आहे का म्हणून.

"नाही उरली," हलीमाबी म्हणाली. "कढईबी नेली त्यायनं."

"मंग ठेवून घे ही," म्हणत पार्बताबाईनं शिशी उंबऱ्यावर ठेवली आणि कंबर धरून उठली. "दाऊदभाई सुटून आले का भरून ठेवजो."